घरची पेटी आणि तिचे सूर

भाद्रपद आला, कीं पुष्कळ घरांत आरतीसाठीं माळ्यावरची पेटी खालीं उतरते. भाता हलूं लागतो आणि तक्रारींना आरंभ होतो. एक स्वर मुळींच बोलत नाहीं, दुसरा पट्टी न दाबतांच गातो, तिसरा बेसूर लागतो. अशा वेळीं घरांतील एखाद्या उत्साही माणसाचा हात कानशीकडे जातो, आणि पेटीचें खरें नुकसान बहुधा त्याच क्षणीं होतें.

पेटीचा सूर म्हणजे पितळी चौकटीच्या फटीवर एका टोकाशीं घट्ट बसविलेली पातळ पितळी जीभ. भात्याची हवा फटींतून जातांना ती कंप पावते. व्हिएन्ना येथें १८२९ सालीं सिरिल डेमियन यानें ज्याचें पेटंट घेतलें, त्या अ‍ॅकॉर्डियनचें तत्त्वही हेंच. कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनीं १८७५ च्या सुमारास पायपेटीची हातपेटी केली आणि बैठकीच्या गाण्याला ती सोयीची झाली.

दुरुस्तीचा क्रम हवा, लांकूड, धूळ आणि सर्वांत शेवटीं पितळ असा असावा. एकही पट्टी न दाबतां भाता भरून पाहावा. तो लगेच ढिला पडला, तर हवा कोठेंतरी निसटत आहे. घडीवरची चीर मऊ, पातळ कातड्याच्या ठिगळानें बुजवितां येते. आपोआप वाजणाऱ्या स्वराचें कारण पट्टीखालची झडप नीट न मिटणें हें असतें. तेथें कचरा अडकतो, स्प्रिंग मंदावते किंवा पावसाळी दमटपणानें लांकूड फुगून पट्टी शेजारणीला घासते. म्हणून पेटी उन्हांत ठेवूं नये. ऊन लागून सांधे उकलतात. कोरड्या खोलींत चार दिवस ठेवल्यास फुगवटा पुष्कळदां आपणच ओसरतो.

मुक्या सुराच्या फटींत बहुधा धुळीचा कण किंवा केस असतो. सुरांची फळी बाहेर काढून, जिभेचें टोक अगदीं अलगद उचलावें व पातळ कागद खालून सरकवावा. एवढ्यानेंच पुष्कळ मुके सूर बोलूं लागतात.

यानंतरही जीभ बेसूर असेल, तरच पितळेचा विचार करावा. टोकाशीं घासल्यास तिचें वजन घटून सूर चढतो. मुळाशीं घासल्यास ताठरपणा कमी होऊन तो उतरतो. घासतांना जिभेखालीं पातळ पत्र्याचा आधार द्यावा, आणि प्रत्येक एकदोन हलक्या ओढीनंतर, पितळ निवल्यावर, फळी जागेवर बसवून ऐकावें. कारण पेटीबाहेरचा सूर व पेटींतला सूर किंचित् भिन्न असतो. एकाच स्वराच्या दोन जिभांपैकीं एकीची कंपनसंख्या ४४० व दुसरीची ४४२ असेल, तर सेकंदाला दोनदां नाद फुगतो व ओसरतो. तें फुगणें थांबलें, कीं जुळणी झाली. चूक कोणतीची, हें इतर सप्तकांतील त्याच स्वराशीं ताडून ठरवावें. जो सूर एकाएकीं बराच उतरला, त्याच्या जिभेला मुळाशीं तडा गेला असण्याचा संभव असतो. तेथें कानस व्यर्थ आहे. जीभच नवी हवी.

परंतु सर्वांत मोठा धोका चांगल्या कानाच्या माणसाला असतो. षड्ज २४० कंपनांचा धरल्यास तंबोऱ्यांतून ऐकूं येणारा गांधार ३०० चा असतो. समान बारा भागांत लावलेल्या पेटीचा मात्र सुमारें ३०२.४ चा. तो चढा वाटतो म्हणून उतरविला, तर त्या एका षड्जापुरतें समाधान होतें. दुसऱ्या पट्टीचा षड्ज धरणाऱ्या गायकाला तोच स्वर खटकतो. पेटीचे स्वर श्रुतींशीं जुळत नाहींत व तिच्यांतून मींड निघत नाहीं, या आक्षेपांमुळें १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें तिला बंदी केली; ती १९७१ पासून सैल झाली. हा दोष वाद्याच्या रचनेचा आहे, त्या एका जिभेचा नव्हे. घरच्या कानशीनें तो जाणार नाहीं.

धूळ पुसतां येते, कातडें बदलतां येतें. घासलेलें पितळ मात्र परत येत नाहीं. कानस उचलण्यापूर्वीं एवढें ध्यानांत राहिलें, तर आजोबांची पेटी नातवंडांच्या आरतीलाही सुरांत साथ करील.