काळ्या दगडावरची रेघ

प्रॉपर्टी म्हटलं की आपल्याकडे सातबारा, वाटण्या आणि कोर्टाच्या तारखा आठवतात. सॉफ्टवेअरवाल्यांच्या बोलीत मात्र प्रॉपर्टी म्हणजे नाव दिलेली एक किंमत: तयार फाइल कोणत्या फोल्डरमध्ये ठेवायची, आवृत्तीचा क्रमांक काय, चाचण्या चालवायच्या की नाहीत. प्रोग्रामरने लिहिलेल्या शेकडो फाइलींमधून चालतं सॉफ्टवेअर उभं करण्याची हमाली ‘बिल्ड टूल’ करतं आणि त्यासाठी लागणारा तपशील या प्रॉपर्टी पुरवतात. ‘अपाचे अँट’ हे असंच एक जुनं साधन. जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी ते टॉमकॅट या जावा सर्व्हरच्या कामासाठी लिहिलं आणि जुलै २००० मध्ये ते स्वतंत्रपणे बाहेर आलं. (अँट म्हणजे मुंगी, हमालीला नाव साजेसंच.) या अँटचा एक नियम नवख्याला हटकून चकवतो. प्रॉपर्टीला एकदा किंमत दिली की ती काळ्या दगडावरची रेघ. पुढे त्याच नावाला दुसरी किंमत द्यायला जा, अँट तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

हा हट्टीपणा वाटतो, पण त्यामागे हिशेब आहे. एकच प्रकल्प दहा जणांच्या यंत्रांवर आणि कुठल्यातरी सर्व्हरवरही बांधला जातो, आणि प्रत्येक ठिकाणचे फोल्डर, पासवर्ड, पर्याय वेगळे असतात. पहिली किंमत टिकते म्हटल्यावर व्यवस्था आपोआप लागते. कमांड लाइनवर दिलेली किंमत सगळ्यांत आधी नोंदली जाते, त्यानंतर त्या यंत्रावरची खासगी फाइल वाचायची आणि प्रकल्पाच्या सर्वसाधारण किमती शेवटी. ज्याला स्वतःचं काही सांगायचं नाही त्याला शेवटच्या किमती मिळतात, ज्याला सांगायचं आहे त्याने आधी सांगायचं. मूळ फाइलला कुणी हात लावायची गरज नाही. याउलट स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिलेलं ‘मेक’ पाहा. तिथेही कमांड लाइनचा शब्द वरचढ असतो. पण फाइलच्या आत किंमत पुन्हा देता येते. ग्नू मेकमध्ये तर अवलंबून असलेल्या फाइलींच्या यादीला त्या ओळीपर्यंतची किंमत लागते आणि तिच्याच खालच्या आज्ञांना सगळी फाइल वाचून झाल्यानंतरची. एकाच नियमात एकाच नावाचे दोन अर्थ! मधली ओळ समजायला शेवटचं पान वाचावं लागतं. अँटमध्ये मात्र कागद वरून खाली वाचत गेलं की पहिली नोंद हीच किंमत.

यावर पहिला आक्षेप असा, की मोजणी कशी करायची? फेरा घालायचा तर आकडा वाढायलाच हवा. पण बिल्डची फाइल हा प्रोग्राम नसून कशाआधी काय व्हायला हवं याचं वर्णन आहे; त्यात मोजणी शिरली की काहीतरी चुकीच्या जागी लिहिलं जातंय, असं मी म्हणेन. तरीही ज्यांना हवं त्यांच्यासाठी ‘अँट-कॉन्ट्रिब’ या जोडसंचात ‘व्हार’ नावाची पळवाट आहे. अँटने स्वतः १.८ या आवृत्तीत ‘लोकल’ आणलं; त्यातली किंमत तेवढ्या तुकड्यापुरतीच जगते, ही तडजोड मला अधिक शहाणपणाची वाटते. फाइलमधला दुसरा टप्पा बोलावणाऱ्या ‘अँटकॉल’ने मात्र अनेकांची निराशा होते. ते जणू प्रकल्पाची नवी प्रत उघडून त्यात काम करतं आणि आत ठरलेल्या किमती बाहेर येत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. प्रॉपर्टी एखाद्या टार्गेटच्या, म्हणजे बिल्डमधल्या नाव दिलेल्या टप्प्याच्या, आत ठेवली, तर पहिली कोण हे टार्गेट कोणत्या क्रमाने चालले त्यावर ठरतं. मग कागद वाचून किंमत कळते या दाव्याला काय उरलं? हे खरंच आहे आणि म्हणूनच जाणते लोक किमती टार्गेटच्या बाहेर, फाइलच्या माथ्यावर ठेवतात. मात्र नियमाची बाजू घेतानाही अँटचं मौन मला क्षम्य वाटत नाही. दुसरी किंमत फेटाळल्याची सूचना ‘व्हर्बोज’ पर्याय चालू केल्याशिवाय दिसत नाही. आणि नाव लिहिताना एखादं अक्षर चुकलं, तर अँट तक्रारही करत नाही. किंमत न सापडलेलं नाव डॉलरच्या चिन्हासकट आणि महिरपी कंसासकट जसंच्या तसं पुढे ढकलतं. कामाच्या फोल्डरमध्ये त्याच अगम्य नावाचं फोल्डर तयार झालेलं दिसलं, की शोध कुठून सुरू करायचा ते अनुभवी माणूस ओळखतो.