चपला बाहेर काढाव्यात

तिसऱ्या मजल्यावर एक दार. रीतसर चौकट, कडी-कोयंडा, वर पावसासाठी छोटासा छज्जा. बाहेर मात्र जिना नाही, बाल्कनी नाही, काहीच नाही. दार उघडून पाऊल टाकलं की थेट खालचा रिक्षा स्टँड. असा फोटो तुमच्याही फीडमध्ये कधी ना कधी येऊन गेला असणार, आणि खाली लिहिलेलं असणार, ‘कॅप्शन सुचवा’.

मग काय, कॅप्शनचा पाऊस! पहिल्या दहातली निम्मी तरी ‘स्वर्गाचं दार’ नाहीतर ‘डायरेक्ट वर’ असतात. कुणीतरी ‘इंजिनीअरिंगनंतर काय?’ टाकतं, मग कुणीतरी इंजिनीअरिंगच्या जागी बी.ए. घालून तेच परत टाकतं. वाईट नाहीत ही कॅप्शन्स, पण ती सगळ्यांनाच सुचतात. शिवाय दार कुठेच जात नाही, हे तर फोटोत दिसतंयच की. जे दिसतंय तेच पुन्हा सांगितलं तर हसणार कोण?

आता हे बघा. ‘चपला बाहेर काढाव्यात.’ किंवा ‘दार लावून घ्या, कुत्रं आत येतं.’ किंवा ‘सेल्समनने बेल वाजवू नये.’

ही चालतात, कारण लिहिणाऱ्याला दारात काही विचित्र आहे असं वाटतच नाहीये. तो तिथे राहतो, लोकांना वैतागलाय आणि सूचना देतोय. पुणेरी पाटीचं तंत्र हेच तर आहे. चेहरा सरळ, वाक्य छोटं, उद्गारचिन्ह नाही. (शेवटी लाफिंग इमोजी टाकलात की संपलं.) दुसरा एक प्रकार म्हणजे दारामागच्या माणसाला बोलायला लावायचं. ‘जावईबापू, इकडून या ना, हवा छान आहे.’ किंवा माझं सगळ्यात आवडतं, ‘बिल्डर म्हणालाच होता, समोर काहीच येणार नाही.’

दिसतं तितकं सोपं नाहीये हे. अमेरिकेतलं ‘द न्यू यॉर्कर’ हे मासिकासारखं दिसणारं साप्ताहिक २००५ पासून नियमितपणे बिनकॅप्शनचं व्यंगचित्र छापून वाचकांकडून ओळ मागवतं. पुलित्झर मिळालेले सिनेसमीक्षक रॉजर एबर्ट तिथे एकामागून एक कॅप्शन्स पाठवत राहिले आणि शंभराहून जास्त प्रयत्नांनंतर २०११ मध्ये एकदाचे जिंकले. त्यामुळे तुमच्या कॅप्शनला चारच लाइक आले तर मनाला लावून घेऊ नका.

पण अशा दारांकडे नुसतं हसून पुढे न जाणारेही काही लोक निघाले. जपानी चित्रकार-लेखक गेनपेइ आकासेगावा यांना १९७२ मध्ये टोकियोच्या योत्सुया भागात एक जिना दिसला. एका बाजूने वर जायचा, दुसऱ्या बाजूने खाली यायचा. वर दारच नाही! गंमत म्हणजे त्याच्या कठड्याचा मोडलेला भाग कुणीतरी नव्या लाकडाने नीट दुरुस्त केला होता. उपयोग शून्य, पण निगा एकदम टापटीप. आकासेगावांनी मग विद्यार्थ्यांना सोबत घेऊन अशा गोष्टींचा शोधच सुरू केला. पुढे वाचकही आपापल्या गल्लीतले नमुने फोटोसकट पाठवायला लागले. जिना गेला आणि दार भिंतीवर उंच लटकत राहिलं, अशा दारांचा त्यांच्या यादीत एक वेगळा वर्गच आहे.

या सगळ्याला नाव दिलं ‘थॉमासन’. गॅरी थॉमासन हा अमेरिकी बेसबॉलपटू १९८१ मध्ये टोकियोच्या योमिउरी जायंट्सने मोठी रक्कम मोजून आणला होता. तो बॅट जोरात फिरवायचा, बॉलला काही ती लागायची नाही. तरी संघात जागा पक्की. आयपीएल बघणाऱ्यांना यापुढे समजावून सांगायची गरज नाही.

जगातलं सगळ्यात फेमस असं दार बहुतेक कॅलिफोर्नियात, सॅन होजेच्या विंचेस्टर हाऊसमध्ये आहे. वरच्या मजल्यावर उघडतं आणि समोर नुसती हवा. मालकीणबाई सारा विंचेस्टर यांनी भुतांना चकवायला हे सगळं बांधलं, अशी गोष्ट टुरिस्ट मंडळींना फार आवडते. अभ्यासक मात्र १९०६ च्या मोठ्या भूकंपाकडे बोट दाखवतात. घराचे काही भाग पडले, बाईंनी ते पुन्हा बांधलेच नाहीत, त्यामुळे काही दारं-जिने तसेच अर्धवट राहिले. भुतांच्या मानाने बोअर आहे हे, पण मला जास्त पटतं. बहुतेक दारं कुठेतरी जातच असतात. ती जागाच मग काढून घेतली जाते.

आपल्याकडे तर हे रोजचंच आहे. रस्ता रुंदीकरणात घराचा पुढचा भाग जातो, वाडा पाडताना शेजारच्या इमारतीला चिकटलेली भिंत तेवढी उरते. मग त्या भिंतीवर वरच्या मजल्याचा निळा चुना दिसतो, एक कोनाडा, कॅलेंडरचा खिळा आणि बंद दार. कॅप्शनला याहून भारी फोटो मिळणार नाही. आणि इथेच जरा जपायला हवं. कारण टोकियोतल्या जिन्यावर हसताना त्या घरातलं कुणी आपल्या ग्रुपवर नसतं.

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर एकदा अशाच अर्ध्या पाडलेल्या वाड्याचा फोटो पडला. ‘ओपन टू स्काय टेरेस, फक्त ९० लाख’ वगैरे सुरू झालं. तेवढ्यात एका मुलीचा मेसेज आला, ‘माझ्या आत्याचं घर आहे. त्या दारातून सज्जात जायचो आम्ही. गणपती बघायला.’

ग्रुप गार! दोघांनी गुपचूप आपले मेसेज डिलीट केले, एकाने ‘सॉरी यार’ टाकलं. मग तिचंच पुढचं कॅप्शन आलं.

‘आत्या अजून रात्री विचारते, वरच्या दाराची कडी लावली का?’

इतकं हसलो आम्ही. डिलीट केलेल्या दोघांनी आपली कॅप्शन्स परत टाकली, आणि तिने स्क्रीनशॉट काढून सगळी आत्याला पाठवली. आत्याला ९० लाखांचं आवडलं. फक्त भाव फार कमी सांगितलाय म्हणाली.