झाडाच्या कपाळी बाशिंग

नवरदेवाच्या कपाळी बाशिंग बांधतात, हे आपण जाणतो. पण कोकणातले आणि घाटमाथ्यावरचे जुने आंबे, ऐनही बाशिंग बांधून उभे असतात, तिकडे आपले लक्ष जात नाही. हे बाशिंग म्हणजे एक नेचा. कुणी त्याला वांदरबाशिंग म्हणतात. बोहल्यावर माकड चढवणारा तो विनोदी माणूस कोण, देव जाणे! शास्त्रीय नाव ड्रायनॅरिया क्वर्सिफोलिया. लिनिअसला १७५३ साली त्याची पाने पाहून ओक आठवला, आपल्या माणसांना लग्न आठवले. मला आपले नाव अधिक पसंत आहे.

ह्या नेच्याला पाने दोन तऱ्हेची. लांब, खोल कातरलेली हिरवी पाने अन्न तयार करतात. त्यांच्याच पाठीवर बीजाणूंचे ठिपके उमटतात. कोरडे दिवस आले की ती झडतात. दुसरी बुटकी, बिनदेठाची, फांदीला बिलगलेली. ती लवकरच तपकिरी होतात, कागदासारखी वाजतात, पण गळत नाहीत. मेलेली पाने जपून ठेवायची कशाला? तर त्यांच्या ओंजळीत वरून पडणारा पाचोळा आणि धूळ साठते, कुजते, ओल धरते आणि नेच्याची मुळे तिथेच शिरतात. जमिनीपासून तीस फुटांवर स्वतःची माती! मी बँकेत उभा जन्म काढला, पण इतक्या चिकाटीने भरलेले आवर्ती ठेवीचे खाते पाहिले नाही. आणि झाडाचा रस तो शोषत नाही. त्याला बांडगूळ म्हणणे ही निव्वळ बदनामी.

ह्याला फूल नाही, बी नाही. बीजाणू वाऱ्यावर उडतो, रुजला तर त्यातून इवलासा हिरवा पापुद्रा होतो, आणि त्यावरच्या नरपेशींना मादीपेशीपर्यंत चक्क पोहत जावे लागते. म्हणजे सालीच्या खाचेत ओल टिकायला हवी. खरबरीत साल, रुंद फांद्या, सावली : हे सारे जुन्या झाडापाशी. म्हणून देवरायांत बाशिंगे दिसतात, कारण तिथे देवाच्या धाकाने कुऱ्हाड थांबते.

रस्त्याकडेच्या झाडांना देव नाही. मुंबई-गोवा महामार्ग रुंद करताना कितीतरी जुनी झाडे गेली. तोडलेल्या झाडांच्या बदल्यात रोपे लावायची अट असते, आकडे जुळतात. बँकेत आम्ही घसारा शिकलो : वस्तू जुनी होईल तशी तिची किंमत उतरवायची. तोच हिशेब झाडाला लावला की शंभर वर्षांचा आंबा घनफुटांत मोजला जातो. रोपाच्या गुळगुळीत काडीवर बाशिंग कुठे बांधणार? आणि त्या ओंजळीतल्या मुंग्यांनी, किड्यांनी तोवर कुठे जायचे?

मृगाच्या सरी पडून आठ-पंधरा दिवस झाले की एखादा जुना आंबा गाठून मान वर करून पाहा. कालपर्यंत वाळलेला वाटणारा तो पसारा हिरवा होऊ लागलेला असतो, आणि तपकिरी पाने आपल्या जागी तशीच असतात.