समुद्रतळाचा राखणदार

लोखंडाला गंज चढला की आपण हळहळतो. गंज म्हणजे नुकसान, एवढेच आपल्याला ठाऊक असते. परंतु समुद्रतळाच्या गाळात हाच गंज मोठ्या राखणदाराचे काम करीत असतो. रसायनशास्त्राशी संबंध नसलेल्यांनीही ते समजून घेण्याजोगे आहे.

नद्यांनी वाहून आणलेल्या मातीत लोहाची ऑक्साइडे, म्हणजे एक प्रकारचा गंजच, असतात. ती समुद्रतळाशी बसतात. वरून मृत सूक्ष्मजीवांचा वर्षावही चालूच असतो. हे द्रव्य कुजविण्यास जिवाणूंना प्राणवायू लागतो. पण किनाऱ्यालगतच्या गाळात तो बहुधा काही मिलिमीटरच खोल पोचतो. मग त्याखालचे जिवाणू काय करतात? त्यांतील काही प्राणवायूऐवजी चक्क गंज वापरतात! तेव्हा गंजातील लोह पाण्यात विरघळते, वर सरकते आणि प्राणवायू भेटताच पुन्हा गंजते. गाळात बिळे करणारे प्राणी त्याला पुन्हा खाली ढकलतात. डेन्मार्कजवळील गाळाविषयी १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, कायमचे गाडले जाण्यापूर्वी लोह ही फेरी १०० ते ३०० वेळा करते.

या फेऱ्यांत त्याच्या हातून तीन कामे होतात. सडक्या अंड्यासारखा वास येणारा विषारी हायड्रोजन सल्फाइड वायू खोल गाळात तयार होतो. लोह त्यातील गंधकाला पकडून ठेवते. खाडीचा चिखल काळा दिसतो तो प्रामुख्याने या संयुगामुळेच. दुसरे, गंजाच्या कणांना फॉस्फेट चिकटून राहते. तिसरे, सेंद्रिय कार्बनही लोहाशी बांधला जातो. गाळातील अशा कार्बनाचा सुमारे पाचवा हिस्सा लोहाशी जखडलेला असतो, असा अंदाज २०१२ साली मांडला गेला.

मात्र हा राखणदार प्राणवायूच्या बळावर उभा असतो. बाल्टिक समुद्राचे उदाहरण पाहा. १९८० च्या दशकानंतर काठच्या देशांनी समुद्रात जाणारे फॉस्फरस पुष्कळ कमी केले, तरी शैवालाचा उपद्रव थांबला नाही. तेथील खोल पाण्यात प्राणवायू उरत नाही, गंज विरघळतो आणि त्याने धरून ठेवलेले जुने फॉस्फेट सुटते. त्यावर शैवाल माजते, मरून तळाशी जाते व कुजताना उरलासुरला प्राणवायूही खाऊन टाकते. म्हणजे अपराध वडिलांचा आणि दंड मुलांना!

हा प्रश्न केवळ परदेशचा नाही. भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतही पावसाळ्याच्या उत्तरार्धात तळाजवळच्या पाण्यातील प्राणवायू दरवर्षी घटतो. तेव्हा गटाराचे पाणी समुद्राला मिळाले म्हणजे प्रश्न मिटला, असे कोणी समजू नये. ते तळाच्या गाळात जमा होत असते, आणि तेथील राखणदाराच्या बळाला मर्यादा आहे.