पडद्यावरील दुधी काच

भ्रमणध्वनीच्या पडद्यावर वरून खाली बोट ओढले असता सूचनांची पट्टी उतरते आणि तिच्यामागील छायाचित्र सर्वस्वी लुप्त न होता, दुधी काचेच्या तावदानाआड उभ्या असलेल्या माणसाप्रमाणे, केवळ रंगांच्या छटांपुरते उरते, तेव्हा त्या निमिषार्धात यंत्राने केवढा हिशेब उरकला याची पाहणाऱ्यास गंधवार्ताही नसते.

धूसरता आणावयाची म्हणजे प्रत्येक चित्रबिंदूच्या जागी आसपासच्या बिंदूंच्या रंगांची सरासरी बसवावयाची; मात्र निकटच्या शेजाऱ्यास वजन अधिक, दूरच्यास कमी, आणि हे वजन गाऊस या जर्मन गणितज्ञाच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या घंटाकृती वक्राप्रमाणे उतरत जाते. १०८० गुणिले २४०० बिंदूंच्या पडद्यावर प्रत्येक बिंदूभोवतीचा २१ बिंदू लांबीरुंदीचा चौकोन तपासू म्हटले, तर दर बिंदूस ४४१ आणि एकंदर ११४ कोटींहून अधिक नोंदी चाळाव्या लागतात, आणि सेकंदाला ६० चित्रे दाखविणारा पडदा त्यासाठी मुदत देतो ती सुमारे १७ सहस्रांश सेकंदांची. परंतु आधी आडव्या ओळींतून आणि मग उभ्या स्तंभांतून सरासरी काढली, तरी या वक्राच्या अंगभूत गुणामुळे उत्तर तेच येते, आणि ४४१ नोंदींचे काम ४२ नोंदींत भागते! या साऱ्या विद्येत मला याहून रमणीय काही वाटत नाही. शिवाय चित्र आधी लहान करून, धूसर करून, पुन्हा ताणले तरी चालते. कारण जो बारीक तपशील त्यात हरवतो, तो धूसरतेने पुसलाच जाणार होता.

एकाच संहितेतून आयफोन आणि अँड्रॉइड दोहोंसाठी अॅप रचणाऱ्यांपुढे निराळीच अडचण असते. आयफोनवर ही काच २०१४पासून तयार मिळते. अँड्रॉइडने तशी सोय २०२१ साली, बाराव्या आवृत्तीत केली, आणि त्याआधीच्या फोनांवर पुष्कळदा अर्धपारदर्शक रंगाच्या पडद्यावरच निभावून न्यावे लागते. फ्लटर हे साधन सर्व चित्र स्वतःच रेखाटते, म्हणून त्याचा ‘बॅकड्रॉपफिल्टर’ हा मागचे चित्र धूसर करणारा घटक दोन्हीकडे चालतो. मात्र त्यास ‘क्लिपरेक्ट’ची चौकट घातली नाही, तर एका लहानशा पट्टीसाठी दिलेला हुकूम अख्ख्या पडद्यावर अंमल गाजवितो, आणि स्वस्त फोन बापडा अडखळू लागतो.

वाचणाऱ्या डोळ्यांचा मुलाहिजाही राखला पाहिजे. मागे पांढरा ढग असेल, तर तो धूसर होऊनही पांढराच राहतो आणि त्यावरील शुभ्र अक्षरे त्यात विरघळतात. काचेवर गडद रंगाचा एक पातळ थर चढविला, की तीच अक्षरे पुन्हा उमटून दिसतात.