परस्परसंवादी अंकीय कथन आणि आपत्प्रसंग

ज्या कथेचा ओघ वाचकाने किंवा प्रेक्षकाने मधूनमधून घेतलेल्या निर्णयांनुसार बदलतो आणि हा बदल संगणक वा भ्रमणध्वनी यांतील आज्ञावलीच्या साहाय्याने घडवून आणला जातो, त्या कथनप्रकाराला परस्परसंवादी अंकीय कथन म्हणतात. हृदयक्रिया बंद पडणे, युद्धामुळे होणारे स्थलांतर, मानसिक आजार, अफवांचा फैलाव यांसारख्या आपत्प्रसंगांचे आकलन व्हावे आणि त्यांत कसे वागावे याची पूर्वतयारी व्हावी, या हेतूने एकविसाव्या शतकात त्याचा वापर होऊ लागला. ‘घाबरून जाऊ नये’ असे माहितीपत्रकात छापणे सोपे असते; परंतु घाबरलेल्या माणसाला दोन मार्गांतून एक तात्काळ निवडावा लागतो तेव्हा काय होते, ते पत्रकातून कळत नाही. कथेत त्याचा काहीसा अनुभव घेता येतो आणि चूक झाली तरी ती पुन्हा करून पाहता येते.

या प्रकाराची मूळ अडचण संगणकाच्या आधीपासूनची आहे. माँट्रिऑल येथील १९६७ च्या जागतिक प्रदर्शनात चेकोस्लोव्हाकियाच्या दालनात राडूझ चिंचेरा यांचा ‘किनोआटोमाट’ हा चित्रपट-प्रयोग दाखविण्यात आला. चित्रपट ठरावीक ठिकाणी थांबे, रंगमंचावरील निवेदक प्रश्न विचारी आणि प्रेक्षक आसनाजवळील कळ दाबून कौल देत. मात्र बहुमत कोणतेही असो, दोन्ही वाटा पुढे एकाच प्रसंगाला येऊन मिळत आणि शेवटी इमारत पेटतच असे. चिंचेरांनी हे उपहासाने योजले होते. पण त्यामागे एक व्यावहारिक कारणही होते. दहा ठिकाणी दोन-दोन पर्याय देऊन प्रत्येक वाट स्वतंत्र ठेवली, तर १,०२४ शेवट तयार करावे लागतात. म्हणून आजचे लेखकही वाटा पुन्हा एकत्र आणतात. फरक इतकाच, की आधीची निवड संगणक लक्षात ठेवतो व तिचा परिणाम पुढे कधीतरी दाखवितो. ट्वाइन (२००९) या विनामूल्य साधनामुळे अशी कथा रचणे आज्ञावलीचे विशेष ज्ञान नसणाऱ्यांनाही शक्य झाले.

जेथे योग्य कृती कोणती हे निश्चित असते, तेथे ही पद्धत सर्वांत निर्वेधपणे वापरता येते. ब्रिटनमधील पुनरुज्जीवन परिषदेने २०१३ मध्ये प्रसृत केलेल्या ‘लाइफसेव्हर’ या चित्रपटात समोरची व्यक्ती कोसळते आणि प्रेक्षकाला थोड्या वेळात निर्णय घ्यावा लागतो. छातीवर दाब देण्याची लय त्याला कळफलकावरील कळा दाबून किंवा भ्रमणध्वनी हलवून साधावी लागते. हा दाब मिनिटाला १०० ते १२० वेळा द्यावयाचा असतो. शाळकरी मुलांवर केलेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या चित्रपटाने अनेक महत्त्वाच्या घटकांत प्रत्यक्ष प्रशिक्षणाशी तुलनीय परिणाम साधल्याचे आढळले. तथापि छाती पाच ते सहा सेंमी. खाली जाईल इतका जोर किती, हे कळफलक शिकवू शकत नाही. त्यासाठी हाताखाली पुतळाच हवा.

काही कथांचा उद्देश कृती शिकविणे हा नसून दुसऱ्याची कोंडी जाणवून देणे हा असतो. ‘बरी मी, माय लव्ह’ (२०१७) या फ्रेंच निर्मितीत नूर ही स्त्री सिरियातून यूरोपकडे निघते. वाचक असतो तिचा मागे राहिलेला पती. त्याला फक्त भ्रमणध्वनीवर संदेश पाठविता येतात. तो सुचवू शकतो, ठरवू शकत नाही. कधीकधी तासन् तास उत्तर येत नाही, आणि या कथेतील सर्वांत परिणामकारक भाग बहुधा ही शांतताच होय. कथेला १९ शेवट आहेत. ‘डिप्रेशन क्वेस्ट’ (२०१३) या कृतीत नैराश्यग्रस्ताला सुचणारे शहाणपणाचे पर्याय पडद्यावर दिसतात, पण त्यांवर काट मारलेली असते. ‘मनावर घे’ हा सल्ला निरुपयोगी का ठरतो, ते त्यावरून एका दृष्टिक्षेपात समजते. कोलकात्याच्या कलावंत लीना केजरीवाल यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या ‘मिसिंग’ (२०१६) या खेळात खेळणारा मानवी व्यापारात सापडलेल्या मुलीच्या भूमिकेतून सुटकेची वाट शोधतो.

उलट भूमिका देण्याचाही प्रयोग झाला आहे. ‘बॅड न्यूज’ (२०१८) या खेळात वाचक स्वतःच खोट्या बातम्या पसरवितो. रोगाच्या सौम्य अंशाने लस टोचावी, तशी फसवणुकीच्या क्लृप्त्यांची ओळख करून द्यावी, अशी केंब्रिज विद्यापीठातील त्याच्या मानसशास्त्रज्ञ निर्मात्यांची कल्पना होती. खेळानंतर खोट्या बातम्यांवरील विश्वास घटतो, असे त्यांना आढळले. परंतु २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पुनर्विश्लेषणानुसार खरे-खोटे ओळखण्याची क्षमता अशा खेळांनी वाढत नाही. माणूस सरसकट सर्वच बातम्यांविषयी साशंक होतो. आपत्तीच्या काळात हा दोष किरकोळ म्हणता येणार नाही, कारण पुराची खरी सूचनाही त्या संशयात बुडू शकते.

याहून खोल प्रश्न असा, की कोणत्या निवडीचे फळ काय, हे लेखकाने आधीच ठरविलेले असते. वाचक निर्णय घेतो असे वाटते. प्रत्यक्षात तो लेखकाचे कार्यकारणविषयक मत शिकत असतो. हृदयक्रिया बंद पडल्यास ते मत वैद्यकाने पडताळलेले असते. निर्वासितांच्या छावणीत अन्न कोणाला प्रथम द्यावे, याविषयी तसे म्हणता येत नाही.

या दृष्टीने जपानमधील ‘क्रॉसरोड’ हा अंकीय नसलेला पत्त्यांचा खेळ लक्षणीय आहे. १९९५ च्या भूकंपात कोबे शहरात काम केलेल्या कर्मचाऱ्यांच्या मुलाखतींवरून तो रचण्यात आला. त्यातील एक प्रश्न असा : आश्रयस्थानी ३,००० माणसे आहेत, अन्न २,००० जणांपुरते आहे, आणखी मिळण्याची तूर्त आशा नाही, ते वाटावे काय? प्रत्येक जण ‘होय’ किंवा ‘नाही’ असे पान टाकतो व नंतर चर्चा होते. बरोबर उत्तर कोठेही छापलेले नाही. बहुमताबरोबर असणाऱ्यांना निळ्या बैठकीचे चिन्ह मिळते. सर्वांविरुद्ध एकट्यानेच वेगळे पान टाकले असेल, तर त्याला सोनेरी बैठक मिळते आणि त्या फेरीत इतरांना काहीच मिळत नाही.