पिवळ्या दिव्याची धास्ती, लाल दिव्याला सूट

छत्रपती संभाजीनगरहून बीडकडे निघालं की पाचोड मागे पडतं आणि शहागडच्या अलीकडे वडीगोद्री लागतं. जालन्याहून अंबडमार्गे येणारा रस्ता इथेच धुळे-सोलापूर महामार्गाला मिळतो. जून 2024 मधल्या ओबीसी उपोषणाने गावाचं नाव राज्यभर झालं, पण गाडीवाल्यांना हा फाटा त्याच्या कितीतरी आधीपासून पाठ आहे. चहा घ्यायचा, टायरला लाथ मारून हवा बघायची आणि पुढे निघायचं. अशा थांब्यांवर डॅशबोर्डवरच्या दिव्यांबद्दल सल्ले फुकट मिळतात, आणि ते बहुतेक उलटे असतात. पान्याचं पिवळं चिन्ह दिसलं की माणूस प्रवास रद्द करायच्या गोष्टी करतो. तेलाच्या झारीचा लाल दिवा पेटला की तोच माणूस म्हणतो, "चला शहागडपर्यंत, तिथं बघू."

गैरसमज : दोन्ही दिवे ऑइलचेच, अर्थही एकच.

लाल झारी ऑइल बदलायची आठवण करून देत नाही. ती सांगते की इंजिनात ऑइलचा पुरेसा दाब उरलेला नाही. पंप खालच्या चेंबरमधून ऑइल ओढतो आणि क्रँकच्या बेअरिंगपर्यंत दाबाने पोचवतो. फिरणारा क्रँक त्या ऑइलच्या बारीक थरावर तरंगत असतो. दाब गेला की थर जातो, धातूवर धातू घासतो आणि काही मिनिटांत बेअरिंग चिकटू शकतं. पुढे अख्खं इंजिन खोलायचं काम निघतं. म्हणून लाल दिवा लागला की गाडी कडेला घ्यायची आणि इंजिन लगेच बंद करायचं. शहागड पाच मिनिटांवर असो की पन्नास, फरक पडत नाही.

आपल्याकडे याची कारणं फार गूढ नसतात. शेतरस्त्यावर दगड लागून चेंबर फुटतं, ऑइल बदलताना खालचा नट नीट आवळलेला नसतो, किंवा जुनं इंजिन ऑइल पितं आणि महिनोन् महिने कोणी ऑइलची काडी ओढून बघितलेली नसते. इंजिन बंद करून काही मिनिटं थांबा, सपाट जागी काडी पुसून पुन्हा घाला आणि पातळी बघा. कमी असेल तर भरा. भरूनही दिवा विझत नसेल तर टोचन लावून न्या. "सेन्सर खराब असेल" ही शक्यता खरी आहे, पण ती मिस्त्रीने प्रेशर गेज लावून ठरवायची.

गैरसमज : लाल दिवा लागला नाही, म्हणजे ऑइल पुरेसं आहे.

बहुतेक गाड्यांत हा दिवा दाबावर चालतो, पातळीवर नाही. ऑइल बरंच कमी झालं तरी पंपाच्या तोंडाशी ते मिळतंय तोवर दिवा गप्प राहतो. मग वळणावर किंवा जोरात ब्रेक दाबल्यावर ऑइल एका बाजूला जातं, पंप हवा ओढतो आणि दिवा क्षणभर लुकलुकतो. ती लुकलुक दिसली तरी गाडी थांबवून काडी बघायची.

गैरसमज : पिवळा पाना लागला म्हणजे ऑइल खराब झालं, आता गाडी हलवायची नाही.

पान्याच्या दिव्याने ऑइल तपासलेलंच नसतं. पुष्कळ गाड्यांत तो फक्त मोजणी करतो: इतके किलोमीटर झाले किंवा इतके महिने झाले, आता सर्व्हिस करा. काही गाड्यांतली यंत्रणा जास्त हुशार असते. जनरल मोटर्सने 1980 च्या दशकात आणलेली पद्धत इंजिनाचे फेरे आणि तापमान यांवरून ऑइलचं उरलेलं आयुष्य काढते. पण तिथेही हिशेब असतो, ऑइलचा थेंब कोणी चाखत नाही. तेव्हा काडीवर पातळी ठीक असेल आणि दुसरा कुठला दिवा नसेल, तर बीडचं लग्न उरकून या आणि त्याच आठवड्यात सर्व्हिसला लावा. मात्र प्रत्येक पिवळा दिवा पान्याचा नसतो. इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा वेगळी तक्रार सांगतो, आणि काही गाड्यांत ऑइलची पातळी कमी झाल्याचाही पिवळा दिवा असतो. ग्लव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकसकट पडलेलं पुस्तक एकदा उघडून बघायला हरकत नाही.

मोजणीच असल्यामुळे याच्या दोन गमती होतात. गावातल्या गॅरेजात ऑइल बदललं, पण मोजणी शून्यावर आणली नाही, तर नव्या ऑइलवरही पाना पेटतो आणि मिस्त्री फुकट शिव्या खातो. उलट, ऑइल न बदलता नुसती मोजणी शून्यावर आणली तरी दिवा विझतो. काही गाड्यांत त्याला ट्रिपचं बटण दाबून धरणं पुरतं, काहींना स्कॅनर लागतो. जुनी गाडी घेताना विझलेला पाना बघून खूश होऊ नका, सर्व्हिसची बिलं मागा.

गैरसमज : गाडी फार चालतच नाही, मग ऑइल कशाला बदलायचं?

इथे मला शेतकऱ्यांचं नवल वाटतं. ट्रॅक्टरला तासांचं मीटर असतं. तो किती लांब गेला याला अर्थ नाही, इंजिन किती तास चाललं याला आहे, हे ज्याला पक्कं ठाऊक असतं, तोच दारातल्या कारच्या बाबतीत फक्त किलोमीटर बघतो. अनेक कंपन्या 10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, असं लिहितात. त्यातला वर्षाचा भाग उगाच नाही. जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीचं इंजिन पुरतं तापत नाही; ओलावा आणि कच्चं इंधन ऑइलमध्येच राहतं. गळीत हंगामात अंकुशनगरच्या कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगत जाताना किलोमीटर थोडे भरतात, तास मात्र भरपूर, वर धूळ. धूळ, सतत कमी वेग, ओझं ओढण्याचं काम अशा वापरासाठी पुस्तकात बहुधा वेगळं, लवकरचं वेळापत्रक दिलेलं असतं.

गैरसमज : ऑइल काळं झालं म्हणजे संपलं, आणि मराठवाड्याच्या उन्हाला घट्टच ऑइल पाहिजे.

डिझेल इंजिनात नवं ऑइल थोड्याच दिवसांत काळं पडतं, कारण काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. घट्ट ऑइलचं म्हणाल, तर बाहेर 42 अंश असले तरी चालत्या इंजिनात ऑइल 100 अंशांच्या आसपास असतं. 0डब्ल्यू-20 किंवा 5डब्ल्यू-30 सांगितलेल्या इंजिनात 20डब्ल्यू-50 ओतलं तर सकाळी सुरू करताना ते वरपर्यंत पोचायला उशीर लागतो आणि झीज तेव्हाच होते. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 डिझेल गाड्यांना धुराच्या फिल्टरमुळे कमी राखेचं ऑइल लागतं. या गाड्यांत काडीवरची पातळी आपोआप वाढली तर आनंद मानू नका: फिल्टरची सफाई अर्धवट राहून डिझेल ऑइलमध्ये उतरलेलं असू शकतं.

गैरसमज : बाहेर ऑइल बदललं की वॉरंटी गेली.

स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये 14 कार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटी रुपये दंड लावला, तेव्हा बाहेर काम केलं एवढ्याच कारणाने वॉरंटी सरसकट रद्द करण्याच्या अटीलाही हरकत घेतली होती. प्रकरण पुढे अपिलात गेलं. म्हणून भांडायची तयारी ठेवण्यापेक्षा वॉरंटीची कलमं वाचा, योग्य ग्रेड वापरा आणि ऑइल-फिल्टरची पक्की बिलं जपा.

राहिलं जळकं ऑइल. लाकडाला वाळवी लागू नये म्हणून फासायचं, धूळ बसावी म्हणून अंगणात ओतायचं, हे जुने उपयोग निरुपद्रवी समजले जातात. त्यात झिजलेल्या धातूचे कण आणि जळण्यातून आलेली घाण असते; ओतलेलं ऑइल पावसाबरोबर विहिरीकडे आणि कालव्याकडे जातं. 2016 च्या नियमांनुसार तो घातक कचरा आहे. 1 एप्रिल 2024 पासून ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर वापरलेल्या ऑइलच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारीही टाकली आहे. ऑइल बदलायला गेलात की मिस्त्रीला विचारा, मागच्या पिंपातलं ऑइल कोण घेऊन जातं.